कानात अजान, कचेरीत जन्मदाखला: मुसलमान घरी बाळ आले की काय काय होते?

समान नागरी कायद्याचा विषय बातम्यांत आला की गोव्याचे नाव निघतेच. उत्तराखंडने जानेवारी २०२५ मध्ये असा कायदा लागू केला तेव्हाही निघाले. त्यापाठोपाठ आपल्याकडे एक प्रश्न हमखास फिरतो. गोव्यात सगळ्यांना एकच कायदा, तर मग मुसलमानांच्या घरी बाळ जन्मले की सुंता, अकिका (जन्माबद्दल बकरा कापून जेवण घालणे) वगैरे 'त्यांच्या कायद्याने' कसे काय चालते?

विचारणाऱ्याच्या मनात दरवेळी खोटच असते असे नाही. फोंडा, वाळपई, मडगाव, वास्को इथे पिढ्यान्पिढ्या शेजार आहे. चवथीच्या नेवऱ्या तिकडे जातात, ईदेचा शीरकुर्मा इकडे येतो. पण बाळंतिणीच्या खोलीत काय चालते ते शेजाऱ्याला सहसा दिसत नाही. अकिक्याचे आमंत्रण मोबाइलवर येते आणि अर्धी माणसे विचारात पडतात की हे बारसे आहे, वाढदिवस आहे की आणखी काही.

हे लोक काल-परवा आलेले नाहीत. कदंब राजा जयकेशी पहिला याच्या १०५३ सालच्या ताम्रपटात त्याच्या पदरी असलेल्या अरबी वंशाच्या अधिकाऱ्याचा आणि गोव्यातल्या मशिदीच्या खर्चासाठी बसवलेल्या करांचा उल्लेख आहे. फोंड्याची साफा मशीद आदिलशाही काळातली, १५६० ची. २०११ च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत मुसलमान ८.३३ टक्के होते. म्हणजे साधारण बारा माणसांत एक.

### आधी कायद्याचा गुंता सोडवू

गोव्याचा समान नागरी कायदा म्हणजे मुळात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. लग्नाची नोंद, नवरा-बायकोची मालमत्ता, वारसा असे विषय ती हाताळते. देशात बहुतेक ठिकाणी मुसलमानांना लागू असलेला १९३७ चा शरियत कायदा गोव्यात आलाच नाही. त्यामुळे इथल्या मुसलमान कुटुंबाची वाटणीही सरकारी कायद्यानेच होते. वारशाचा भाग आता २०१२ च्या गोवा कायद्यात आहे आणि तो २०१६ च्या अखेरीस अमलात आला. त्यातली मुख्य गोष्ट अशी की आईबापांच्या मालमत्तेचा निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो, तो मृत्युपत्र करूनही सहसा हिरावून घेता येत नाही, आणि मुलगा-मुलगी यांचा हिस्सा सारखा.

पण बाळाच्या कानात कोणी काय म्हणावे, जावळ कधी काढावे, जेवणावळीत काय शिजवावे याबद्दल संहिता गप्प आहे. हिंदूंच्या सटीबद्दल (सहाव्या दिवसाच्या विधीबद्दल) आणि ख्रिस्ती घरातल्या बातीझबद्दलही, म्हणजे बाप्तिस्म्याबद्दलही, ती गप्पच आहे. नागरी कायदा विधी सांगत नाही आणि मोडतही नाही. 'एकच कायदा, मग विधी वेगळे कसे' हा प्रश्न इथेच निकालात निघतो.

### सगळे विधी 'धर्मात लिहिलेले' असतात का?

नाही, आणि लेखातला हा सगळ्यात कामाचा मुद्दा आहे. मुसलमान घरातल्या प्रथांचे तीन थर असतात. फर्ज म्हणजे केलेच पाहिजे असे कर्तव्य. सुन्नत म्हणजे पैगंबर मुहंमदांनी केले किंवा सुचवले म्हणून करायचे. केले तर पुण्य, राहिले तर बहुधा दोष नाही. आणि रिवाज म्हणजे त्या-त्या मुलखाची चाल. आपल्याकडच्या लग्नात सप्तपदी वेगळी आणि वरातीतला बँड वेगळा, पण पाहुण्याला दोन्ही मिळून 'लग्न'च दिसते. तसेच इथे.

जन्माशी जोडलेल्या विधींत फर्ज जवळजवळ काही नाही. बहुतेक गोष्टी सुन्नत आहेत, आणि त्यांचा आधार कुराणापेक्षा हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या संकलित नोंदींमध्ये आहे. उरलेला भाग शुद्ध देशी रिवाज. भांडणे होतात ती बहुधा हे थर एकमेकांत कालवल्यामुळे. बाहेरचा माणूस रिवाजाला धर्म समजतो, आणि घरातली एखादी दादीही समजते.

त्यात पुन्हा पंथभेद आहेत. सुन्नी मुसलमानांत कायद्याच्या चार परंपरा आहेत: हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली. कोकण आणि भटकळच्या किनाऱ्यावरची जुनी घराणी शाफई, तर दख्खनच्या पठारावरची घरे बहुतेक हनफी. गोवा या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणून एकाच इमारतीतल्या दोन मुसलमान शेजाऱ्यांची उत्तरे वेगळी निघू शकतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

### कानात काय सांगतात? हा बाप्तिस्मा आहे का?

बाळाला पुसून-गुंडाळून हातात दिले की वडील, आजोबा किंवा घरातले कोणी वडीलधारे माणूस उजव्या कानाशी हलक्या आवाजात अजान म्हणते. मशिदीच्या भोंग्यावरून पाच वेळा ऐकू येते तीच: अल्लाह महान आहे, त्याच्यावाचून कोणी उपास्य नाही, मुहंमद त्याचे प्रेषित आहेत, नमाजला या, कल्याणाकडे या. डाव्या कानात इकामत म्हणतात. नमाज उभी राहण्याच्या क्षणी म्हणायची ती छोटी घोषणा.

पैगंबरांनी आपला नातू हसन याच्या कानात अजान दिली, अशी हदीस या प्रथेमागे आहे. तिची साखळी (कोणी कोणाकडून ऐकली ती परंपरा) कितपत भक्कम, यावर हदीसच्या अभ्यासकांत जुना वाद आहे आणि डाव्या कानाच्या इकामतीचा आधार त्याहून कच्चा मानतात. तरी प्रथा जवळजवळ सर्वत्र पाळली जाते. जुनीजाणती माणसे तिला जोडून एक गोष्ट सांगतात: जन्माला अजान आणि इकामत होते पण नमाज होत नाही, मेल्यावर जनाज्याची नमाज होते पण तिला अजान नसते. या दोहोंमध्ये जेवढा वेळ, तेवढे आयुष्य.

गोव्यात बातीझ सगळ्यांच्या ओळखीचे, म्हणून हाही त्याच जातीचा विधी असावा असे अनेकांना वाटते. फरक मोठा आहे. बाप्तिस्म्याने मूल चर्चचे सदस्य होते. अजानीने मूल मुसलमान 'होत' नाही. इस्लामच्या मते प्रत्येक मूल, मग ते कोणाच्याही घरचे असो, निर्मळ मूळ प्रकृतीवरच जन्मते. आदिपापाची कल्पना तिथे नाही, त्यामुळे धुऊन काढायचेही काही नाही. पाद्रीसारख्या दीक्षित माणसाची गरज नाही. मौलवी हजर नसला तरी काही अडत नाही. बाळ अतिदक्षता विभागात असेल तर अजान चार दिवसांनी दिली तरी चालते, आणि वडील दुबईला असतील तर आजोबा देतात. गोव्यात हे नेहमीचेच.

### खजूर, मध आणि डॉक्टरांचा राग

दुसरी सुन्नत तहनीकची. खजूर चावून मऊ करायचा आणि त्याचा कण बोटाने बाळाच्या टाळूला, तोंडाच्या आतून लावायचा. मक्केहून मदीनेला आलेल्या मुसलमानांच्या घरी तिथे जन्मलेले पहिले मूल अब्दुल्ला इब्न जुबैर. त्याला पैगंबरांनी असा खजूर लावल्याची नोंद हदीसमध्ये आहे. आपल्याकडे खजुराच्या जागी पुष्कळदा मध येतो. घरातले एखादे गुणी, मान्यवर माणूस बाळाला मधाचे बोट चाटवते. त्याचा स्वभाव बाळात उतरतो अशी समजूत. ही समजूत धर्माची नाही, आजीबाईंची आहे, आणि ती हिंदू घरांतल्या बाळगुटीच्या वेळीही ऐकू येते.

आता स्पष्ट बोलायला हवे. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. मधात बोट्युलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचे काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात, विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. जागतिक आरोग्य संघटना पहिल्या तासात स्तनपान आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको असे सांगते. दुसऱ्याच्या तोंडात चावलेल्या खजुरातून जंतू जाण्याचीही भीती असते.

यावर मोबाइलवर फिरणारा प्रतिवाद असा की विज्ञानानेच तहनीक सिद्ध केली. २०१३ साली न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात नवजात बाळांच्या गालाच्या आतून साखरेचे जेल चोळल्याने रक्तातली घसरलेली साखर सावरली, हे खरे आहे. पण ते निर्जंतुक, मोजून दिलेले जेल होते आणि साखर घसरलेल्या बाळांसाठीच होते. त्यावरून चावलेला खजूर प्रत्येक बाळाला द्या असा निष्कर्ष निघत नाही. श्रद्धेच्या गोष्टीला प्रयोगशाळेचा शिक्का मारण्याची ही घाई सगळ्याच धर्मांत बोकाळली आहे.

मधला मार्ग आहे. तहनीक फर्ज नाही. ज्यांना करायचीच आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून, हात धुऊन, न चावता कुस्करलेल्या खजुराचा नुसता ओलावा लावावा. गाठ जाता कामा नये. मध तर नाहीच.

### सातवा दिवस: जावळ, चांदी आणि अकिका

सातव्या दिवशी तीन गोष्टी सुचवल्या आहेत: नाव ठेवणे, जावळ काढणे आणि अकिका. दिवस मोजायची घरगुती रीत सोपी आहे. शुक्रवारी जन्म असेल तर गुरुवारी अकिका. मात्र इस्लामी दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून शुक्रवारी रात्री आठला जन्मलेले बाळ शनिवारचे. सातवा चुकला तर चौदावा, तो चुकला तर एकविसावा, आणि तोही जमला नाही तर पुढे सवडीने. आखातातल्या वडिलांची रजा ज्या महिन्यात, त्या महिन्यात अकिका, असेही होते.

जावळ काढतात आणि केसांच्या वजनाइतक्या चांदीची किंमत गरिबाला देतात. पैगंबरांची मुलगी फातिमा यांनी आपली मुले हसन आणि हुसेन यांच्या केसांच्या वजनाची चांदी दान केल्याचे सांगतात, तोच याचा आधार. जावळ कितीही दाट असले तरी वजन काही ग्रॅमच भरते, त्यामुळे हे दान गरीब घरालाही झेपते.

अकिका म्हणजे बाळाच्या जन्माबद्दल कृतज्ञता म्हणून बकरा किंवा मेंढा कापून त्याचे मांस नातेवाईक, शेजारी आणि गरिबांना वाटणे किंवा शिजवून खाऊ घालणे. शाफई, मालिकी आणि हंबली याला आग्रहाची सुन्नत मानतात. हनफी परंपरेत त्याचा दर्जा त्याहून सौम्य आहे, केले तर चांगले. फ्लॅटमध्ये राहणारे लोक बकरा घरी आणत नाहीत. ओळखीच्या खाटकाकडे सांगून ठेवतात, बाळाचे नाव देतात, आणि मांस घरी किंवा थेट आचाऱ्याकडे येते. आईबापांनी किंवा आजी-आजोबांनी अकिक्याचे मांस खायचे नाही असे काही घरांत कटाक्षाने पाळतात. धर्मात याला काहीच आधार नाही. बिर्याणी खुशाल खावी.

'देवाला रक्त लागते का?' हा आक्षेप नेहमी येतो. कुराणात हजच्या कुर्बानीसंदर्भात सरळ म्हटले आहे की त्या जनावरांचे मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, तुमची निष्ठा पोहोचते. इस्लामपूर्व अरब कापलेल्या जनावराचे रक्त बाळाच्या डोक्याला फासत. ते बंद करून केशर लावायला सुरुवात झाली, असे हदीस सांगते. तरीही ज्याला प्राणी मारणेच पटत नाही त्याचे समाधान याने होणार नाही. मतभेद खरा आहे आणि तो फक्त अकिक्याचा नाही, ताटातल्या प्रत्येक मटणाचा आहे. 'पैसेच दान का करत नाहीत?' याला बहुतेक उलेमांचे, म्हणजे धर्मपंडितांचे, उत्तर असे की दान केव्हाही करा, पण ते अकिक्याच्या जागी धरले जाणार नाही. आणि ऐपत नसेल तर अकिका नाही केला तरी चालते. कर्ज काढून जेवणावळ घालणे हा रिवाजाचा दिमाख झाला.

### मुलाला दोन बकरे, मुलीला एक?

हो, प्रचलित मत तसेच आहे आणि त्यामागे हदीस आहे. सारवासारव करण्यात अर्थ नाही. पण चित्र थोडे पूर्ण करू. दुसऱ्या एका हदीसमध्ये हसन आणि हुसेन यांच्यासाठी एकेकच मेंढा कापल्याचे आहे. त्यावरून मालिकी परंपरा मुलगा असो की मुलगी, एकच पुरे म्हणते. मुलासाठी एकच कापला तर अकिका बाद होत नाही, हे इतरांनाही मान्य आहे.

शिवाय सातव्या शतकातल्या अरबस्तानात मुलगी झाल्याचे कळताच तोंड काळवंडणाऱ्या आणि तिला जिवंत पुरणाऱ्या बापांना कुराणाने कडक शब्दांत धारेवर धरले आहे. त्या समाजात मुलीच्या जन्माचे जेवण घालायला सांगणे हीच मोठी उडी होती. आजच्या मोजपट्टीला ती अपुरी वाटते, आणि वाटणाऱ्याला ते म्हणायचा हक्क आहे.

गोव्यात याची एक गंमत होते. अनेक पारंपरिक भाष्यकार या दोनास एक प्रमाणाची सांगड वारशातल्या दोनास एक वाट्याशी घालतात. पण गोव्यातल्या मुसलमान मुलीचा वारसा ठरवतो तो इथला कायदा. म्हणजे भावाच्या जन्माला दोन बकरे आणि तिच्या जन्माला एक कापला असला, तरी वडिलांच्या घरात आणि कुळागरात (बागायतीत) तिचा वाटा भावाएवढाच.

### सटी, सोयर आणि चाळीस दिवस

सहाव्या दिवशी बाळाचे नशीब लिहिले जाते ही आपल्या सटवाईची समजूत. गोव्यात ती सटी. अनेक भारतीय मुसलमान घरांतही 'छठी' होते: बाळाला न्हाऊ घालायचे, नवे कपडे, काळा टिळा, बायकांची गाणी. इस्लामी शास्त्रात याचा मागमूस नाही आणि मौलवी याबद्दल अधूनमधून खडसावतात. चाली मात्र धर्माच्या कुंपणावरून सहज उड्या मारतात. गोव्यातल्या इन्क्विझिशनला (चर्चच्या धर्मन्यायालयाला) १७३६ च्या फर्मानात नवख्रिस्ती कुटुंबांना सटीचे जागरण मना करावे लागले होते, यावरून काय ते समजा.

सोयर मात्र मुसलमानांत नसते. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या काळाला निफास म्हणतात. त्या काळात बाईने नमाज पढायची नाही, रोजे ठेवायचे नाहीत. सुटलेली नमाज माफ. सुटलेले रोजे पुढे भरून काढायचे. पण तिला शिवल्याने कोणी बाटत नाही, ती स्वयंपाक करू शकते, आणि घरातल्या इतरांवर तर कसलेच बंधन नसते. हनफी मते निफासची कमाल मुदत चाळीस दिवस, शाफई मते साठ. ही कमाल मर्यादा आहे, पुरा करायचा कोटा नव्हे. अठराव्या दिवशी रक्त थांबले तर त्याच दिवशी आंघोळ करून नमाज सुरू. 'चाळीस दिवस उंबरठा ओलांडायचा नाही' हा रिवाज आहे, आपल्या सव्वा महिन्याच्या जातकुळीचा. त्यामागे विश्रांतीची शहाणी सोय असेलही, पण ताप आला तरी बाळंतिणीला दवाखान्यात न नेण्याचे ते निमित्त होऊ नये.

### दूध: जिथे विषय खरोखर खोल जातो

अकिका आणि सुंता यांवर लोक बोलतात, पण बालपणाबद्दल कुराणात सर्वात तपशील आहे तो दुधाचा. दुसऱ्या अध्यायातले २३३ वे वचन सांगते की ज्यांना पूर्ण मुदत पाळायची आहे त्यांनी मुलाला दोन वर्षे पाजावे. त्या काळात आईच्या अन्नवस्त्राचा खर्च बापावर, आणि हे नियम घटस्फोटाच्या संदर्भात आले आहेत हे विशेष. दोन वर्षांआधी दूध तोडायचे तर आई-बापांनी एकमेकांशी बोलून, दोघांच्या संमतीने. पाजायला दुसरी बाई ठेवली तरी चालेल, तिला योग्य मोबदला द्या.

पैगंबरांना स्वतःला हलिमा नावाच्या दाईने पाजले होते. अरबांत ही रीतच होती, आणि त्यातून एक वेगळे नाते कायद्यात आले: दुधाचे नाते. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला परक्या बाईने पाजले तर ती त्याची दूध-आई होते, तिची मुले त्याची दूध-भावंडे होतात, आणि त्यांच्यात पुढे लग्न होऊ शकत नाही. वारसा मात्र मिळत नाही. किती वेळा पाजले तर नाते लागते? शाफई म्हणतात पाच वेळा पोटभर. हनफी आणि मालिकींच्या मते एकदाही पुरे.

आता हे जुने कलम आजच्या रुग्णालयात कसे अडते ते पाहा. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला आईचे दूध मिळत नसेल तर दुसऱ्या मातांचे दान केलेले दूध हा उत्तम पर्याय. पावडरच्या दुधाने अशा बाळांच्या आतड्यांच्या एका गंभीर आजाराचा धोका वाढतो. त्यासाठी मानवी दूध पेढ्या असतात. आशियातली पहिली पेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पेढीत अनेक मातांचे दूध एकत्र करून, तापवून, निनावी देतात. मुसलमान आईबापांना चिंता पडते ती इथे: उद्या आपल्या मुलाचे लग्न नकळत दूध-बहिणीशी तर ठरणार नाही?

जेद्दाच्या इस्लामी फिक्ह (धर्मकायदा) अकादमीने १९८५ साली याच कारणाने अशा पेढ्या नकोत असा निर्णय दिला. उलट युसुफ अल-करदावी यांच्यासारख्या विद्वानांनी पेढीतल्या दुधाने नातेच लागत नाही असे मत मांडले, कारण कोणाचे दूध आणि किती वेळा हेच निश्चित नसते आणि छातीला लावून पाजलेलेही नसते. बाळाच्या जिवाचा प्रश्न असेल तर बहुतेक उलेमा परवानगी देतात. डॉक्टरांनी एवढे समजून घेतले तर 'हे लोक दूधही नाकारतात' असा त्रागा करण्याऐवजी एकाच ओळखीच्या मातेचे दूध नोंद करून देता येईल का, हे पाहता येते.

हेच नाते दत्तकाच्या अडचणीत उपयोगी पडते. इस्लाममध्ये अनाथ मूल वाढवणे मोठे पुण्य, पण त्याचे मूळ पित्याचे नाव पुसायचे नाही असा दंडक आहे. शिवाय मूल मोठे झाले की ते 'परके' ठरून पडद्याचा प्रश्न येतो. म्हणून काही स्त्रिया डॉक्टरांच्या मदतीने दूध आणून त्या तान्ह्याला पाजतात आणि कायमची दूध-आई होतात. भारतात २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोणत्याही धर्माच्या माणसाला बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेण्याची वाट मोकळी आहेच. घ्यायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे.

### सुंता

मुलग्याच्या लिंगाच्या टोकावरची त्वचा काढणे म्हणजे सुंता. कुराणात तिचा उल्लेख नाही. हदीसमध्ये नखे कापणे, मिशी कातरणे यांच्यासोबत ती शुचितेच्या गोष्टींत येते, आणि मूळ इब्राहिमांपर्यंत नेतात. ज्यूंची आठव्या दिवशी होते. येशूचीही आठव्या दिवशी झाली होती, आणि आपण नववर्ष साजरे करतो तो १ जानेवारी चर्चच्या जुन्या दिनदर्शिकेत शतकानुशतके याच घटनेचा सण होता.

शाफई मते सुंता आवश्यक, हनफी आणि मालिकी मते सुन्नत. वय ठरलेले नाही. सातव्या दिवसापासून वयात येण्याआधीपर्यंत केव्हाही. पूर्वी न्हावी वस्तरा घेऊन घरी येई, मुलाला नवे कपडे आणि हार घालून बसवत. आता बहुतेक शहरी कुटुंबे शल्यचिकित्सकाकडे जातात, आणि तेच योग्य. जाण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. घराण्यात रक्त न गोठण्याचा आजार असेल तर आधी तपासणी. आणि मूत्रमार्गाचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर सुंता करूच नये, कारण पुढच्या दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेला तीच त्वचा लागते.

आक्षेप संमतीचा आहे. मुलाला विचारल्याशिवाय त्याच्या शरीरात कायमचा बदल का? जर्मनीतल्या कोलोनच्या न्यायालयाने २०१२ साली याला इजा ठरवले, तेव्हा ज्यू आणि मुसलमान एकत्र उभे राहिले आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेने अटींसह परवानगी देणारा कायदा केला. समर्थक आरोग्याचा दाखला देतात. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीचा प्रसार जास्त असलेल्या भागांसाठी पुरुषांच्या सुंतेची शिफारस केली होती, हे खरे. पण गोव्यातला बाप मुलाची सुंता करतो तो एचआयव्हीसाठी नव्हे, परंपरेसाठी. ते तसेच सांगितलेले बरे.

मुलींची? बहुसंख्य भारतीय मुसलमानांत अशी प्रथाच नाही. दाऊदी बोहरा समाजात ती आहे आणि त्याच समाजातल्या अनेक स्त्रिया तिच्याविरुद्ध उभ्या आहेत. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि पुढच्या वर्षी ती मोठ्या पीठाकडे सोपवली गेली. मुलींच्या बाबतीत वैद्यकशास्त्राला फायदा एकही दिसत नाही, तोटे दिसतात. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये.

### चार वर्षे, चार महिने, चार दिवस

मूल एवढ्या वयाचे झाले की त्याची 'बिस्मिल्ला' करतात. नटवून-सजवून मौलवीपुढे किंवा आजोबांपुढे बसवतात आणि कुराणातल्या पहिल्यांदा उतरलेल्या, 'वाच' या आज्ञेने सुरू होणाऱ्या ओळी म्हणवून घेतात. मग मिठाई. हा आकडा ना कुराणात आहे ना हदीसमध्ये. ही आपल्या उपखंडाची चाल. हुमायूनने अकबराच्या विद्यारंभासाठी ज्योतिष्यांकडून घटका काढून घेतली होती आणि नेमक्या त्या घटकेला साहेबजादे खेळायला पसार झाले, असे अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल सांगतो. पुढे अकबर लिहा-वाचायला शिकलाच नाही असे म्हणतात, तेव्हा मुहूर्ताचे काय ते बघा.

गोव्यात यानंतर मूल सकाळी शाळेत आणि संध्याकाळी मशिदीतल्या मकतबमध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात, जाऊ लागते. नमाजची सवय सातव्या वर्षापासून लावावी अशी हदीस आहे.

### आमंत्रण आले तर, आणि नाव लिहिताना

अकिक्याला शेजाऱ्याने काय न्यावे? बाळासाठी कपडे, खेळणी किंवा पाकीट, जे आपण बारशाला नेतो तेच. शाकाहारी असाल तर आधी सांगा. बहुतेक घरे वेगळी सोय आपणहून करतात. मुबारक म्हणा किंवा अभिनंदन म्हणा, दोन्ही चालते.

घरच्यांसाठी एक कामाची गोष्ट. नाव सातव्या दिवशी ठरले की लगेच नोंदवून टाकावे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायद्यानुसार त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो. 'मोहम्मद' एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर आखूड, तिसऱ्यावर नाहीच. आजोबांचे नाव आडनावाच्या जागी. घरचे हाकेचे नाव शाळेच्या दाखल्यावर. असे घोळ मुसलमान मुलांच्या कागदपत्रांत फार. आणि गोव्यात नुसत्या प्रतिज्ञापत्रावर नाव बदलत नाही. त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे आणि नागरी निबंधकाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. म्हणून कचेरीत जाण्याआधी बाळाचे, वडिलांचे आणि आईचे नाव जसे हवे तसे इंग्रजीत आणि देवनागरीत एका कागदावर लिहून न्यावे, आणि दाखला हातात आला की खिडकीपाशीच उभे राहून एकेक अक्षर वाचावे.